डब्यावरची लाल रेघ

सोमवार, ३ फेब्रुवारी

मिळालं! वीस लिटर! अकरा आठवडे फोनवर रोज पेट्रोलच्या रांगेतला माझा नंबर बघत होते, आज लागला. गाडीत थेंब नव्हता म्हणून निवार्दोच्या बैलांनी ती पंपापर्यंत ओढत नेली. पंपवाला म्हणाला, मावशी, डब्यात देत नाही, टाकीतच देतो. म्हटलं, बघ तर खरं, माझ्या गाडीची टाकीच डबा आहे. खरी टाकी गंजून पडल्याला बारा वर्षं झाली. तेव्हा माझ्या नवऱ्यानं, एलादिओनं, प्लास्टिकचा डबा बसवला आणि सलाईनची नळी लावली. पंपवाल्यानं वाकून पाहिलं, डोकं खाजवलं, दिलं. मागची रांग हसत होती. हसा मेल्यांनो.

येताना गाडी स्वतःच्या पायानं आली. दोन वर्षांनी. खोकत, धूर सोडत, पण आली.

सान हासिंतोच्या कब्रस्तानात फोन केला. एलादिओला काढायची तारीख शुक्रवार २८, सकाळी नऊ. दोन वर्षं पूर्ण झाली की कबर रिकामी करायची, हाडं पुसून, चादरीत गुंडाळून लहान पेटीत ठेवायची. फोनवरची बाई पाठ केल्यासारखं बोलली — चादर आणा, पावडर आणा, कोलोन आणा. कबर ज्यांच्या नावावर आहे त्यांची सही लागेल. म्हणजे सासूबाईंची. म्हटलं, आणि नाही जमलं तर? म्हणे, नऊला कोणी नसलं तर हाडं सामायिक खड्ड्यात जातात, जागा कमी आहे.

सामायिक खड्डा. सगळ्यांच्या हाडांत. एलादिओ, ज्याला दुसऱ्याच्या कपातली कॉफी चालायची नाही.

हे खड्ड्याचं म्हातारीला नाही सांगितलं. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. नुसती तारीख सांगितली. "बरं," म्हणाली आणि घेवडा निवडत बसली.

जाऊन-येऊन एकशे साठ किलोमीटर. बस डिसेंबरपासून बंद. मी एकटी असते तर रस्त्यावर हात करून गेले असते. म्हातारीला ट्रकच्या मागे कशी चढवू? लिटरला आठ किलोमीटर मिळाले तर वीस लिटरात बसतं. आठ म्हणजे काय, बैलगाडीसुद्धा देईल!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

निवार्दो आला. एलादिओचा शाळेपासूनचा दोस्त, गावातला एकमेव मेकॅनिक आणि एकमेव माणूस ज्याला डावी भुवई नाही. गरम इंजिनाजवळ पेट्रोल उघडलं होतं त्यानं एकदा. तेव्हापासून त्याचा नियम — गाडी फिरवून आणली की हात लावायचा नाही, थंड होऊ द्यायची, सकाळी तो येऊन झाकण उघडणार. म्हटलं, भावजी, उजवी अजून शिल्लक आहे, कशाला घाबरता? म्हणाला, "वहिनी, तिच्यावरच तर घर चाललंय."

मीटर कधीच मेलंय, म्हणून रस्त्याच्या दगडांवर मोजायचं. गावाच्या तोंडच्या दगडापासून डेअरीच्या फाट्यापर्यंत नऊ, परत नऊ. मोठा डबा काढला, चाचणीसाठी पाच लिटरचा पांढरा डबा लावला, आरपार दिसतो. बाकी पेट्रोल माझ्या खाटेखाली, कुलपात. खोलीला असा वास आहे की काडी ओढायची भीती वाटते.

जाऊन आले. वाटेत गाई उठून बाजूला झाल्या, इतका आवाज. उद्या सकाळी मोजू.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पावाच्या रांगेतून आले तर निवार्दो फाटकात उभा. दोघांनी मिळून पाहिलं. पाच घातले होते, दोन उरले. अठरा किलोमीटरला तीन लिटर! लिटरला सहा!

निवार्दो म्हणाला, खूण करून ठेवा. माझी लाल नेलपॉलिश काढली आणि दोन लिटरवर रेघ मारली. (कशाला ठेवलीय विचारू नकोस. विधवेची बोटं काय गळून पडतात?) सासूबाई दारातून बघत होत्या. "किती?" विचारलं त्यांनी. सांगितलं. "वाईट," म्हणाल्या. त्या कधी गाडीबद्दल विचारत नाहीत, बरं वाटलं.

आता सतरा लिटर. म्हणजे लिटरला साडेनऊ हवेत.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तीन दिवस निवार्दो अंगणात, गाडीखालून नुसते पाय दिसतात. चारही चाकं उचलून हातानं फिरवून पाहिली. मागचं डावं फिरेचना! दोन वर्षं हँडब्रेक लावून ठेवलेला, गंजून आवळलाय. म्हणजे मी नऊ किलोमीटर ब्रेक लावून गेले आणि आले. म्हटलं, भावजी, हे सांगायला दोन वर्षं लागली? म्हणाला, बोलावलं दोन वर्षांनी.

ब्रेक सोडवला. टायरात सायकलच्या पंपानं हवा भरली, दोनशे दोनशे फटके, मी मोजले आणि त्यानं मारले. प्लग घासले. हवेच्या जाळीत चिमणीचं घरटं. अंडी नव्हती, नाहीतर ऑम्लेट केलं असतं.

म्हातारीला चादर काढून दिली, लग्नातली, एकदाच वापरलेली. म्हटलं, कडेला टीप मारा आणि इस्त्री करून ठेवा. "करंट आला की करते." करंट दुपारी दोन तास होता.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काल पाच लिटर घालून पुन्हा फिरवून आणली. काय सांगू, लोण्यासारखी! फाट्यावरच्या उतारावर इंजिन बंद केलं तर अर्धा किलोमीटर नुसती घरंगळत गेली. मला गाणं सुचत होतं.

आज सकाळी पाव घेऊन आले. झाकण उघडलं.

लाल रेघ. पुन्हा दोनच लिटर!

निवार्दो खाली बसला मातीत. ब्रेक सुटला, हवा भरली, प्लग नवे झाले आणि खाणं तेवढंच. "अशक्य," म्हणाला. म्हटलं, अशक्य ना? मग डब्याला सांगा, मला काय सांगता. सासूबाई म्हणाल्या, गाडी म्हातारी झाली, पोरी, म्हातारीकडून काय काम घेतेस. मी म्हटलं, म्हातारी झाली तरी खाणं कमी नाही झालं तिचं. त्यांनी पदर ओढल्यासारखी शाल ओढली आणि आत गेल्या. माझी जीभ.

चौदा लिटर. आता साडेअकरा हवेत. पेट्रोल कसं वाचवायचं ते बघण्यातच पेट्रोल चाललंय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

गाडीच्या दाराला लाथ मारली. अंगठा सुजला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आता निवार्दोची इज्जत पणाला लागलीय, माझ्यापेक्षा तोच जास्त चिडलाय. कार्बुरेटर उघडून स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडला, माझ्या भाजीच्या ताटात. पेट्रोल येतं त्या जेटच्या भोकात तांब्याची एक बारीक तार बसवली, केसाएवढी, म्हणजे कमी येईल. टायमिंग कानानं लावलं — इंजिनाला कान लावून, डोळे मिटून, जसा एलादिओ ट्रान्झिस्टरवर बेसबॉल ऐकायचा.

मागची सीट काढली. स्टेपनी काढली. डिकीत एलादिओच्या मासे पकडायच्या गळाची शिशाची वजनं निघाली, किलोभर. अंगणातल्या डुकरानं सीटवर मुक्काम ठोकलाय, आता उठत नाही.

आणि पायाखाली लाकडाचा ठोकळा. पेडल अर्ध्याच्या खाली जायलाच नको. निवार्दो म्हणाला, वहिनी, तुमचा पाय जड आहे. म्हटलं, पाय नाही, मी आहे जड, पायाला कशाला बोलता.

म्हातारीला म्हटलं, मागे सीट नाही, तुम्ही पुढे बसा, मजेत जाऊ. "बघू, गाडी निघाली तर," म्हणाल्या. चादर अजून घडीतच.

बुधवार, १९ फेब्रुवारी

लाल रेघ.

तीच. केसाचा फरक नाही. तार घाला, सीट काढा, ठोकळा लावा — लाल रेघ! निवार्दोनं टोपी काढली आणि कोणी मेल्यासारखा उभा राहिला. म्हणाला, वहिनी, एलादिओचीच गाडी आहे, हट्टी. मला हसू आलं नाही.

अकरा लिटर राहिले. लिटरला साडेचौदा लागतील. साडेचौदा तर मोटरसायकल देत असेल.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आठ दिवसांनी एलादिओ खड्ड्यात. माझ्या मूर्खपणामुळे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

दिवसभर करंट नाही. डबा मांडीवर घेऊन बसले आणि रेघेकडे बघत राहिले.

गाडी कमी-जास्त खाते. वारा असतो, चढ असतो, गाई आडव्या येतात. माणूससुद्धा रोज मोजून तीन चमचे भात खात नाही. आणि ही बया बरोब्बर नेलपॉलिशवर थांबते? गाडीला काय रंग दिसतो?

कोणीतरी काढतंय. रेघेपर्यंत. मोजून!

फाटकाला रात्री कुलूप. सकाळी मी पावाला जाते आणि परत येते तेव्हा फाटकात कोण उभा असतो? एक भुवईवाला. त्याचा मुलगा मोटरसायकल फिरवतो, पेट्रोल कुठून येतं मी कधी विचारलं नाही.

गेले त्याच्या दारात आणि विचारलं. नीट विचारायचं ठरवलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं — भावजी, माझ्या नवऱ्याच्या हाडांवर तुमच्या पोराची फटफटी चालते का?

तो आत गेला, हात धुतले, परत आला. म्हणाला, "वहिनी, एलादिओच्या शवपेटीचे खिळे मी ठोकलेत." आणि दार लावलं. हळू लावलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

तीन दिवस तो आलेला नाही. मग आज स्वतःच केलं. खाटेखालून पाच लिटर पुरे केले, डेअरीचा फाटा, परत. पण घरी नाही आले! गावाच्या तोंडच्या दगडापाशी, सेइबाच्या झाडाखाली गाडी लावली आणि तिथेच बसले. इंजिन थंड होईस्तोवर. तीन तास. येणारा-जाणारा विचारतो, बिघडली का? म्हटलं, नाही, नवरा शोधतेय, तुझा मोठा भाऊ मोकळा आहे का?

बॉनेटला हात लावला, थंड. डबा उघडला.

साडेतीन! लाल रेघ कुठच्या कुठे खाली बुडालेली!

अठरा किलोमीटरला दीड लिटर. लिटरला बारा! त्या केसाएवढ्या तारेनं, त्या ठोकळ्यानं, त्या दोनशे दोनशे फटक्यांनी — बारा! त्या देवमाणसाला मी काय बोलले.

दगडापासून घरापर्यंत उतार आहे, इंजिन न लावता घरंगळत आणली. तोंड रोजच्यासारखं वैतागलेलं ठेवलं. सासूबाईंनी विचारलं, कशी चालली? म्हटलं, उद्या मोजू. फाटकाला स्वतः कुलूप लावलं. आत आम्ही दोघी आणि डुक्कर.

डुकरावर माझा संशय नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

पिशवी घेतली, पावाला चालले म्हणून ओरडले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि डुकराच्या खोपटामागून परत आले.

गाडीचं दार उघडं. म्हातारी जमिनीवर, गुडघ्यांवर. तिला वाकता येत नाही, मीच रोज चपला घालते तिच्या पायात. डब्यात सलाईनची नळी, एलादिओच्या आजारपणातली, मला वाटलं होतं आपण फेकली. दुसरं टोक तोंडात. शेजारी रमची रिकामी बाटली. गाल आत गेलेले, डोळे लाल रेघेवर.

मला आधी हसूच आलं, देवा माफ कर. म्हटलं, सासूबाई, पिऊ नका, लिटरला बारा द्याल.

दचकली, ठसका लागला. तोंड धुवायला लावलं, पाठ चोळली. मग दोघी तिथेच बसलो, गाडीच्या पायरीवर. मग मी विचारलं, का.

"नाही म्हणायला तोंड नव्हतं मला," म्हणाली. "आई असून नाही कसं म्हणू? म्हटलं, गाडीच नाही म्हणू दे."

मग हळूहळू बोलली. नवऱ्याला तिनेच काढलं, तिनेच पुसलं. मग मारिसेलला — एलादिओच्या पाठची बहीण, चार वर्षांची गेली, मला नावापुरती माहीत. "चपलांच्या खोक्यात मावली. हाडं मी मोजली, सगळी होती. आता एलादिओ. तो अजून झोपलाय असं मला वाटतं, सोराइदा. तिथे गेले की नाही वाटणार."

मग ती सहज म्हणाली — नाही गेलो तर काय होतं, वर्षभर आणखी ठेवतात, माझ्या वडिलांना तीन वर्षं ठेवलं होतं.

तेव्हा सांगावं लागलं. पूर्वी ठेवायचे, आता नाही ठेवत, जागा नाही. नऊला सही करायला कोणी नसलं तर सगळ्यांबरोबर खड्ड्यात.

"तुला हे कधी कळलं?"

"तीन तारखेला."

"आणि मला सव्वीसला सांगतेस?"

तिला जपत बसले. तीही मला जपत होती, तिच्या पद्धतीनं. आणि दोघींनी मिळून एलादिओला खड्ड्याच्या काठावर आणून ठेवलं.

विचारलं, बाकीचं पेट्रोल कुठाय? "पहिल्या चाचणीपासूनचं मिळून चार लिटर होतं, ओतून दिलं," म्हणाली, उठली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ओतून दिलं! चार लिटर! सोन्यासारखं! मी अंगणात उभी राहून ओरडले तिच्या दारावर. जे बोलले ते लिहीत नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

निवार्दोकडे पेरूची वडी आणि चीजचा तुकडा घेऊन गेले. माफी मागायची मला सवय नाही, ताट पुढे केलं आणि उभी राहिले. सगळं सांगितलं. त्यानं वडी खाल्ली, बोटं चाटली. म्हणाला, "वहिनी, उजवी भुवई मोजून घ्या जाताना. नाहीतर उद्या म्हणाल, कमी भरली." सुटले.

हिशेब त्यानंच केला, जमिनीवर काडीनं. साडेनऊ लिटर, गुणिले बारा, एकशे चौदा. जाणं होतं, येणं होत नाही. परत येताना चौतीस किलोमीटरांवर कुठेतरी उसाच्या शेतात उभी राहीन. राहू दे. ढकलत आणीन. पण सही? सहीशिवाय ते मला त्याच्या जवळही जाऊ देणार नाहीत. म्हातारी कालपासून बोलत नाही. ताट ठेवलं, तसंच परत आलं. दारातून म्हटलं, मी सहाला निघतेय, तुमचं तुम्ही बघा.

दिवसभर करंट नाही. चादर कुठे दिसत नाही. पावडर, कोलोन पिशवीत भरलं. बिनइस्त्रीची तर बिनइस्त्रीची, पण चादर तरी दे, बाई.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सहाला पाच मिनिटं. गाडी काढायला गेले तर म्हातारी आधीच पुढच्या सीटवर. काळा झगा, केस विंचरलेले. मांडीवर चादर, कडेला टीप, धारदार इस्त्री — शेजारणीची कोळशाची आणली असणार. चादरीत गुंडाळलेल्या सहा रमच्या बाटल्या. पाच भरलेल्या, सहावी अर्धीच्या वर. मी मोजायला लागले तर म्हणाली, "मोजू नकोस, चार लिटर आहे. ओत, आणि चादरीला डाग पडू देऊ नकोस. पाय हलका ठेव."

साडेनऊ आणि चार. एकशे बासष्ट किलोमीटर. दोन उरतात!

हॉर्न वाजवतेय. अगं, बॅटरी संपेल, आले, आले—